सुरभी, असुरभी आणि मोहाचा वास

 

विषय जाहीर झाला तेव्हा एक स्नेही मला म्हणाले, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला नाकाचं काय पडलं?" प्रश्न रास्त आहे. आमच्या शास्त्रात मान डोळ्याला. 'दर्शन' हा शब्दच पाहण्यातून आलेला. त्याच्या खालोखाल कान, कारण श्रुती. नाकाला कोणी विचारत नाही. म्हणूनच आज विचारायचं ठरवलं.

आज मी एका लहान ग्रंथातल्या एका विधानाची समीक्षा करणार आहे. ग्रंथ आहे अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह', सतराव्या शतकातला. न्याय-वैशेषिक शिकायचं तर सुरुवात इथून होते. मी स्वतः आठल्ये-बोडस यांनी संपादलेल्या, मुंबई संस्कृत मालेतल्या प्रतीवरून शिकलो आणि पुढे तीस वर्षं शिकवला. त्यातलं विधान असं: गंध म्हणजे नाकानं कळणारा गुण, तो फक्त पृथ्वी या द्रव्यात असतो, आणि तो दोन प्रकारचा असतो, सुरभी आणि असुरभी. सुवास आणि दुर्गंध. झालं. विषय संपला.

या विधानावर माझा एक जुना हिशोब बाकी आहे. तो आधी सांगतो, म्हणजे पुढची टीका कोरडी वाटणार नाही.

१९८३-८४ साल असेल. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झाला होता. मी पुण्याकडून आलेला, तिशीचा प्राध्यापक. मोहाचं झाड तोवर पुस्तकातच पाहिलेलं. शिकवण्यासोबत एका वसतिगृहाच्या रेक्टरचं कामही माझ्याकडे आलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका खोलीतून वास यायला लागला. आंबूस, गोडसर, डोकं धरणारा. शोध घेतला तर भामरागडकडच्या एका माडिया मुलाच्या पेटीत फडक्यात बांधलेली वाळकी मोहफुलं. आईनं दिलेली, अधूनमधून तोंडात टाकायला. मी नाकाला रुमाल लावला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "ही घाण आधी बाहेर टाक." मुलगा काही बोलला नाही. पुरचुंडी उचलली आणि बाहेर गेला. बाकीची मुलं हसली. त्यांचं हसणं तेव्हा मला खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी शिकवलं, गंध द्विविध आहे, सुरभी आणि असुरभी. पुढच्या वर्षी तो मुलगा परत आला नाही. माझ्या वाक्यामुळेच, असं मी म्हणत नाही. आपल्याकडे शिक्षण सुटायला कारणं पुष्कळ असतात. पण का आला नाही हे विचारायलाही मी गेलो नाही. तेव्हा आजची समीक्षा अन्नंभट्टांची आहे, तशी माझीही आहे.

आता मूळ विधान तपासू. आधी जे बरोबर आहे ते मान्य करू. न्यायवाले म्हणतात की गंध दुरून आल्यासारखा वाटला तरी वस्तूचे सूक्ष्म अंश वाऱ्यानं नाकापर्यंत येतात, आणि इंद्रियाचा विषयाशी प्रत्यक्ष संबंध आल्याशिवाय गंध कळत नाही. आजचं विज्ञान वेगळं काय सांगतं? रेणू हवेतून येतो आणि नाकातल्या पेशींना चिकटतो. म्हणजे मोहाचा वास आला, तर मोहाचा काही भाग अक्षरशः तुमच्या नाकात शिरलेला असतो. हे या लोकांनी प्रयोगशाळेशिवाय ओळखलं. दाद दिली पाहिजे.

गाडी अडते ती वर्गीकरणापाशी. त्याच ग्रंथात रूपाचे म्हणजे रंगाचे प्रकार सात आहेत. पांढरा, निळा, पिवळा, तांबडा, हिरवा, तपकिरी आणि चित्रविचित्र. रसाचे सहा. स्पर्शाचे तीन. आणि गंधाचे दोन. संख्या कमी आहे ही माझी तक्रार नाही. तक्रार अशी की बाकीचे प्रकार वर्णनाचे आहेत आणि हे दोन पसंतीचे आहेत. रंगाबद्दल अन्नंभट्ट 'सुंदर आणि कुरूप' असे दोन प्रकार करत नाहीत. कडू चव कोणाला आवडेल, कोणाला नाही, पण कडू ती कडूच. गंधाच्या बाबतीत मात्र वर्णनाच्या जागी थेट निकाल दिला. वस्तू कशी आहे हे सांगायचं सोडून ती मला आवडली की नाही, हे सांगितलं; आणि ते वस्तूचाच गुण म्हणून नोंदवलं.

यावर बचाव असा करतात की वासांना स्वतःची नावंच नसतात, 'गुलाबाचा वास', 'माशाचा वास' असं वस्तूवरूनच बोलावं लागतं, मग वर्गीकरण करणार कसं? हे संस्कृत शास्त्रकाराला सुचलं असेल, पण मराठी स्वयंपाकघरात टिकणार नाही. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांना येतो तो कुबट. जुन्या खोबऱ्याला येतो तो खवट. दूध लागलं की करपट. पीठ फुगलं की आंबूस. अंड्यामाशाचा वशाट. डाळ भाजली की खमंग. माठातल्या पाण्याला मातकट. यातला कुठलाही शब्द एका वस्तूचं नाव नाही. कुबट वास पुस्तकालाही येतो आणि रजईलाही. म्हणजे आपल्या आजीला गंधाचे निदान सात-आठ प्रकार ठाऊक होते. शास्त्राला दोन.

पाश्चात्त्यांची स्थिती याहून बरी नाही. कांटनं १७९८ च्या मानवशास्त्रावरच्या पुस्तकात सगळ्या इंद्रियांत नाकाला सर्वांत निरुपयोगी ठरवलं. पुढे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल ब्रोका यानं माणसाला वासाच्या बाबतीत दुबळ्या प्राण्यांत टाकलं, कारण मेंदूचा तो भाग त्याला तुलनेनं लहान दिसला. हा समज शंभरावर वर्षं पाठ्यपुस्तकांतून फिरला. २०१७ मध्ये जॉन मॅकगॅन यांनी 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं की ही एकोणिसाव्या शतकातली दंतकथा आहे, माणसाचं नाक चांगलं तीक्ष्ण आहे. म्हणजे पूर्वेनं नाकाला दोन कप्पे दिले आणि पश्चिमेनं अडगळीची खोली दिली.

आता नाकाच्या आत जाऊ. तर्कसंग्रहात घ्राणेंद्रिय नाकाच्या टोकाला असतं असं म्हटलं आहे. ते खरं तर वर असतं, नाकपोकळीच्या छताशी, साधारण डोळ्यांच्या पातळीला. तिथल्या पेशींवर प्रथिनांची कुलुपं असतात. शास्त्रज्ञ त्यांना रिसेप्टर म्हणतात, मराठीत आपण ग्राही म्हणू. हे ग्राही बनवण्याचा मजकूर ज्या जनुकांत लिहिलेला असतो, त्यांचं मोठं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उंदरांवर काम करून शोधलं. २००४ चं नोबेल त्यासाठीच. माणसात अशी चालू जनुकं सुमारे ४०० आहेत, आणि जवळपास तेवढीच किंवा जास्त मोडकी, निकामी पडलेली. २०२१ पासून छत्तीसगढकडून रानटी हत्ती आपल्या जिल्ह्यात येत आहेत ना, त्यांच्या आफ्रिकी भावंडांत ही जनुकं सुमारे २००० मोजली गेली आहेत. हत्तीला धानाचा पत्ता विचारावा लागत नाही, त्याचं कारण हे.

हे ४०० ग्राही म्हणजे ४०० पट्ट्यांची पेटी समजा. एक रेणू एकच पट्टी दाबत नाही. तो अनेक पट्ट्या कमी-जास्त दाबतो, आणि त्यातून जो सूरसमूह उठतो तो मेंदू 'वास' म्हणून ओळखतो. आता महत्त्वाचं ऐका. ही पेटी प्रत्येकाची वेगळी आहे. जनुकाच्या मजकुरात कुठे एखादं अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे एखादी पट्टी मंद वाजते, एखादी वाजतच नाही. २०१४ मध्ये जोएल मेनलँड आणि सहकाऱ्यांनी अंदाज काढला की कुठल्याही दोन माणसांच्या ग्राहींपैकी तीसएक टक्के ग्राही कामात वेगळे असतात. तुम्ही आणि तुमचा शेजारी. तुम्ही आणि तुमची बायको. एकाच पंगतीत बसता, पण एकच पंगत हुंगत नाही.

तीन उदाहरणं देतो.

पहिलं डुकराचं. नर डुकराच्या लाळेत आणि चरबीत अँड्रोस्टेनोन नावाचा रेणू असतो. काहींना तो घामासारखा, लघवीसारखा वाटतो; काहींना गोडसर, फुलासारखा; काहींना काहीच येत नाही. २००७ मध्ये अँड्रियास केलर, लेस्ली वॉशॉल, हिरोआकी मात्सुनामी यांच्या गटानं 'नेचर'मध्ये दाखवलं की या फरकाचा एक भाग ओआर७डी४ या एका जनुकाशी जोडलेला आहे. त्याच्या मजकुरात दोन ठिकाणी बदल असला की तो रेणू फिका वाटतो किंवा कमी वाईट वाटतो. एकच रेणू, एकच बाटली. आता सांगा, तो सुरभी की असुरभी?

दुसरं सांबाराचं. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या माणसाला सांगावं लागतं, तो इडलीची वाट पाहतो. (हशा) काही लोकांना कोथिंबिरीला साबणाचा वास येतो, काहींना ढेकणाचा. त्यात कल्पनाविलास नाही, कोथिंबिरीतले काही अल्डिहाइड साबणात आणि ढेकणातही सापडतात. २०१२ मध्ये एका अमेरिकी जनुक-तपासणी कंपनीच्या पंचवीस हजारांहून जास्त ग्राहकांच्या माहितीवरून या नावडीचा धागा घ्राणजनुकांच्या एका पुंजक्याशी जुळला. मात्र जनुकांचा वाटा थोडाच निघाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिसरं माशाचं. वैनगंगेच्या काठी ढीवर वस्तीतून जाताना बाहेरचे लोक नाक मुरडतात. माशाच्या त्या वासात ट्रायमिथाइलअमाइन हा रेणू असतो. २०२० मध्ये आइसलँडमध्ये अकरा हजारांहून जास्त लोकांना वास देऊन नोंदी केल्या. टीएएआर५ या जनुकात एक विशिष्ट बदल असणाऱ्यांना माशाचा वास तितका वाईट वाटला नाही. त्यांतल्या काहींनी त्याला बटाटा म्हटलं, काहींनी कॅरमेल, काहींनी चक्क गुलाब.

इथे नैयायिक काय म्हणेल ते मला माहीत आहे, कारण मीच ते वर्षानुवर्षं शिकवलं. तो पीतशंखाचा दाखला देईल. काविळीच्या माणसाला पांढरा शंख पिवळा दिसतो. म्हणून काही शंख पिवळा होत नाही, दोष त्याच्या डोळ्यात आहे. तसंच ज्याला मासा गुलाबासारखा वाटतो त्याचं नाक सदोष. उत्तर सोपं वाटतं. पण काविळीच्या बाबतीत दोष कुठे आहे हे ठरवायला आपल्याकडे स्वतंत्र मार्ग आहे: तो माणूस आजारी असतो, बरा झाला की शंख पुन्हा पांढरा. नाकाच्या या फरकात आजारी कोणीच नाही. दोघंही जन्मापासून असेच, दोघंही धडधाकट. बरं होऊन परत जायची 'निरोगी' अवस्थाच नाही. मग दोष कोणाच्या नाकात? बहुसंख्येवरून ठरवायचं? प्रमाणशास्त्रात बहुमत हे प्रमाण नाही, हे नैयायिकानंच आपल्याला शिकवलं.

माझी पहिली टीका अशी: सुरभी-असुरभी हा वस्तूचा गुण नाही. तो वस्तू आणि नाक यांच्यातला संबंध आहे. अन्नंभट्टांनी संबंधाला गुण समजून वस्तूच्या खात्यावर लिहिलं. आणि मी त्या मुलाच्या खात्यावर.

आता काही श्रोते खूश झाले असतील. म्हणतील, सर, मग सगळंच सापेक्ष, ज्याचं त्याचं नाक. नाही. तिथेही मला थांबवायचं आहे.

कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधले रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या वासावर आयुष्य घालवलं. वाघ हद्द दाखवण्यासाठी जो फवारा मारतो, त्याला शिजत्या सुवासिक तांदळासारखा वास येतो. ताडोब्यात फिरलेल्या वनरक्षकांना विचारा, झुडपाजवळ भात शिजल्याचा वास आला की ते सावध होतात. ब्रह्मचारींनी १९९० मध्ये 'नेचर'मध्ये कळवलं की दोन्हींत एकच रेणू आहे, टू-असिटाइल-वन-पायरोलीन. बासमतीचा सुवास यानंच येतो. आणि हाच रेणू त्यांना पुढे आणखी एका ठिकाणी सापडला: मोहाच्या फुलात. मी ज्याला घाण म्हणालो, त्यात बासमतीचा एक अंश होता.

तांदळातली गंमत याहून मोठी आहे. साध्या धानात एक जनुक असं काम करतं की हा रेणू साचत नाही. २००५ मध्ये कळलं की सुवासिक जातींत ते जनुक मोडलेलं असतं. त्यातली आठ अक्षरं गळून गेलेली असतात. जनुक बिघडलं म्हणून सुगंध आला. म्हणजे एका टोकाला तांदळाचं जनुक, दुसऱ्या टोकाला नाकाचं, आणि मधे हवेत एक खराखुरा रेणू. मी कल्पना केली म्हणून तो रेणू तिथे येत नाही, आणि मी नाकारला म्हणून जात नाही. न्यायाचा वास्तववाद इतपत खरा आहे.

यावर आकडेही आहेत. २०२२ मध्ये आर्तिन अर्शामियन, असिफा मजीद आणि सहकाऱ्यांनी जगातल्या नऊ वेगवेगळ्या समाजांतल्या सव्वादोनशे लोकांना दहा वास दिले आणि आवडीच्या क्रमानं लावायला सांगितले. त्यांत शिकारी होते, मच्छीमार होते, शेतकरी होते, शहरातले लोकही होते. पसंतीतल्या फरकापैकी सुमारे ४१ टक्के रेणूच्या स्वरूपावर ठरला, सुमारे ५४ टक्के व्यक्तीव्यक्तीतल्या भेदावर, आणि समाज कोणता यावर अवघा ६ टक्के. सगळीकडे व्हॅनिलाचा वास वरच्या बाजूला आला आणि पायाच्या घामाचा, म्हणजे आयसोव्हॅलेरिक आम्लाचा, तळाला.

हा ६ टक्क्यांचा आकडा या सभागृहात मला सगळ्यात मोलाचा वाटतो. का, ते सांगतो.

आपल्या भागात 'जनुक' हा शब्द लोकांना पहिल्यांदा कळला तो सिकलसेलमुळे. तिथे मजकुरातलं एक अक्षर बदलतं, हिमोग्लोबिनच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, आणि दोन्ही पालकांकडून तो बदल आला तर मूल आयुष्यभर सोसतं. घराघरांत हे पाहिल्यामुळे आपल्या मनात एक समीकरण बसलं: जनुक म्हणजे नशीब. तेच समीकरण आता नाकाला लावलं जातं. परवा एका सुशिक्षित गृहस्थांनी मला सांगितलं, "सर, आदिवासींना मोहाचा वास चालतो, कारण त्यांची जनुकंच वेगळी." बोलण्यात द्वेष नव्हता, उलट विज्ञान समजल्याचा आनंद होता. म्हणूनच मला काळजी वाटली.

या वाक्यात दोन चुका आहेत. पहिली, जनुक म्हणजे नशीब ही. काही वास एका जनुकावर जवळजवळ पूर्ण ठरतात. व्हायोलेटच्या फुलातला बीटा-आयोनोन हा रेणू कोणाला तीव्र जाणवतो आणि कोणाला नाही, हे ओआर५ए१ या जनुकातल्या एका बदलानं जवळपास सांगता येतं. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली हे सिद्ध झालं. ते नाकारून चालणार नाही. पण ही सर्वसाधारण रीत नाही. कोथिंबिरीत जनुकाचा वाटा थोडाच निघाला, हे मघाशी पाहिलं. टोरांटोत तरुणांची पाहणी झाली, तीत कोथिंबीर नावडणारे दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत ७ टक्के निघाले, युरोपीय वंशाच्यांत १७ टक्के. ज्यांच्या घरी रोज वरणावर सांबार पडतो, त्यांना साबण कमी आठवतो. आणि अँड्रोस्टेनोनचं तर फारच बोलकं आहे. १९८९ मध्ये चार्ल्स वायसॉकी आणि सहकाऱ्यांनी, ज्यांना तो वास अजिबात येत नव्हता, अशा लोकांना तो रोज थोडा थोडा हुंगायला दिला. काही आठवड्यांनी सुमारे निम्म्यांना तो यायला लागला. नाक शिकतं. साधी गोष्ट आहे: पहिल्या वर्षी मोहाच्या वासानं माझं डोकं चढायचं. दहाव्या वर्षी मार्चच्या पहाटे खिडकीतून तो आला नाही, तर मला चुकल्यासारखं व्हायचं. माझी जनुकं काही बदलली नव्हती.

मलेशियाच्या द्वीपकल्पातला दाखला याहून नेमका आहे. सेमाक बेरी आणि सेमेलाय हे दोन समाज शेजारी राहतात, भाषा जवळच्या, जंगल तेच. सेमाक बेरी शिकार आणि कंदमुळांवर जगणारे, सेमेलाय शेती करणारे. २०१८ मध्ये मजीद आणि निकोल क्रुस्पे यांनी दाखवलं की सेमाक बेरी लोक वासांना रंगांइतक्याच सहज नावं देतात. सेमेलायांना ते जमत नाही, आपल्यासारखंच अडखळतं. शेजार तोच, जंगल तेच. बदलली ती जगण्याची रीत, आणि नाकाची भाषा तिच्यासोबत बदलली.

दुसरी चूक अधिक घातक. जनुकांतला फरक समाजासमाजात असतो, असं ते वाक्य गृहीत धरतं. रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्येच दाखवलं होतं की माणसातली सुमारे ८५ टक्के जनुकीय विविधता एकेका समाजाच्या आतच असते. नाकाबाबत वरचे आकडे त्याच दिशेनं बोलतात: व्यक्ती ५४, समाज ६. भामरागडच्या एका गावातली दोन माडिया माणसं वासाच्या बाबतीत एकमेकांहून जितकी वेगळी असतील, त्यापुढे 'माडिया आणि पुणेकर' हा फरक किरकोळ ठरेल. त्या गावातही एखाद्याला मोह आवडत नसेल. आमच्या वसतिगृहात तर नागपूरचा एक मुलगा होता, ज्याला तो वास पहिल्या दिवसापासून छान वाटायचा. मी त्याला विक्षिप्त समजायचो.

मी इतकं जोर देऊन का सांगतो? कारण या देशात नाकाची मापं एकदा घेऊन झाली आहेत. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्यानं १८९० च्या आसपास लोकांच्या नाकाची लांबी-रुंदी मोजली आणि नियम काढला की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. पुढे १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हाच गृहस्थ. ते विज्ञानच समजलं जात होतं. मोजपट्टी होती, तक्ते होते. १९३२ मध्ये आपले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तेच तक्ते पुन्हा तपासले आणि दाखवलं की उत्तरेतल्या एका पट्ट्याबाहेर हा नियम टिकत नाही, महाराष्ट्रात तर नाहीच. आणि १९४८ मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उगमावरच्या ग्रंथात घुर्यांचीच मापं पुढे ठेवून युक्तिवाद केला: मापांवर विश्वास ठेवायचा असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, तेव्हा अस्पृश्यतेला वंशाचा आधार नाही. ज्या चंद्रपुरात त्यांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा दिली, तिथून आपण काही फार दूर बसलेलो नाही. बाहेरच्या नाकाच्या मापाचं काय झालं हे आपल्याला ठाऊक आहे. आता आतल्या नाकाचं माप आलं आहे. ते खरं विज्ञान आहे, रिस्लेसारखं कच्चं नाही. पण त्याचा निष्कर्ष उलटा वाचला, व्यक्तीच्या जागी जात-जमात घातली, तर आपण पुन्हा तिथेच पोचू.

म्हणून माझी दुसरी टीका अन्नंभट्टांवर नाही, आपल्यावर आहे. त्यांनी संबंधाला वस्तूचा गुण केलं. आपण त्याच संबंधाला रक्ताचा गुण करतो आहोत. पूर्वी म्हणायचो, 'मोहाला घाण वास येतो.' आता म्हणतो, 'त्यांच्या जनुकांना घाण चालते.' वाक्य नवं आहे, पण रुमाल तोच.

मग करायचं काय? माझ्याकडे मोठा सिद्धांत नाही. एक लहानशी भाषेची शिस्त आहे. मराठीत आपण म्हणतो, 'याला वास येतो' आणि 'मला वास येतो'. क्रियापद तेच, चतुर्थी कुठे लावायची एवढाच प्रश्न. 'याला' म्हटलं की गुण वस्तूचा, आणि पुष्कळदा माणसाचा होतो. 'मला' म्हटलं की संबंध उघड होतो, आणि समोरच्याला बोलायला जागा मिळते: "मला तसा नाही येत, सर."

त्या संध्याकाळी मी 'मला हा वास सहन होत नाही' एवढंच म्हणालो असतो, तर ते खरं असतं. माझं नाक खोटं बोलत नव्हतं. खोटं बोललो ते मी, कारण माझ्या नाकाची हकीकत मी त्याच्या पुरचुंडीचा गुण म्हणून सांगितली. तो आज पन्नाशी ओलांडलेला असेल. हे व्याख्यान त्याच्यापर्यंत पोचेल की नाही, सांगता येत नाही. पोचलं, तर त्यानं एवढं समजावं की सर त्या दिवशी चुकले होते, आणि चूक नाकाची नव्हती.

वर्गात आजही कोणी तर्कसंग्रह शिकवत असेल, तर माझी विनंती आहे: गंधाच्या परिच्छेदापाशी थांबा. मुलांना विचारा, तुमच्या घरी कशाचा वास येतो आणि त्याला तुमच्या बोलीत काय म्हणतात? फळ्यावर लिहा. गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी, वऱ्हाडी, झाडीबोली, सगळे शब्द येऊ द्या. तास संपेपर्यंत 'द्विविध' हा शब्द आपोआप पुसला जाईल.

 प्रश्न असतील तर विचारा. आणि सभागृहाबाहेर मोहाची दोन झाडं आहेत, फुलं पडायला लागली आहेत. जाताना एक उचलून नाकाशी धरा, आणि शेजाऱ्याला विचारा, त्याला काय येतं ते.